बारीक पोरगं, एलडीएल २४५ : कोल्हापूरकडच्या एका घराची केस

केस अशी आहे. मुलगा, वय १० वर्षं, कोल्हापूरजवळच्या एका गावातला. वजन २७ किलो, उंची १३४ सेंटिमीटर, म्हणजे बारीकच, दिवसभर उंडारणारा, संध्याकाळी तालमीत जाणारा. तक्रार काहीच नाही. त्याच्या बाबांना ३८व्या वर्षी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, आणि डिस्चार्जच्या वेळी हृदयरोगतज्ज्ञांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली जी बऱ्याच ठिकाणी सांगायची राहून जाते, की पोरांचं कोलेस्टेरॉल बघून घ्या. बघितलं. मुलाचं टोटल ३१२, एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, २४५, एचडीएल, म्हणजे 'चांगलं', ४८, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, ९५ (सगळे आकडे मिलिग्रॅम/डेसिलिटरमध्ये). सहा वर्षांच्या बहिणीचं एलडीएल ९०, एकदम नॉर्मल. मी आहारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञांनी आहारासाठी माझ्याकडे पाठवलं. ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही आणि घरच्यांना विचारूनच लिहितेय.

आधी आकड्यांचा अर्थ सांगते. मुलांमध्ये एलडीएल ११०च्या खाली असावं, १३० आणि त्यावर म्हणजे जास्त. आणि १९०च्या वर असेल, किंवा १६०च्या वर असून घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झालेला असेल, तर पहिला संशय फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमियाचा घ्यायचा, म्हणजे जन्मापासूनच एलडीएल चढं असणारा आनुवंशिक आजार. पुढे नुसतं एफएच म्हणते. हा काही दुर्मिळ आजार नाही, साधारण २५० माणसांत एकाला असतो, म्हणजे हजार पोरांच्या शाळेत चारेक पोरं असू शकतात आणि ती दिसायला ठणठणीत असतात, म्हणूनच सापडत नाहीत.

पहिल्या भेटीला अख्खं घर आलं होतं. आजी म्हणाल्या, "मॅडम, ह्या काडीपैलवानाला कसलं ओ कोलेस्टेरॉल? लॅबवाल्यानं दुसऱ्याचंच रगत बघितलं असणार." आजोबा जुने पैलवान, सत्तरीतही ताठ, त्यांचं म्हणणं की आमच्या घराण्यात असलं काय नाही, मी रोज दोन-तीन लिटर म्हशीचं दूध पचवलंय. आणि मुलाची आई गप्प. सगळे बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारलं की माझ्या हातच्या जेवणानं झालं का हे सगळं, नवऱ्याचं पण आणि पोराचं पण. तिला शेजारणींनी, नातेवाइकांनी तसं ऐकवलं होतं, की सारखं बेकरीतलं आणून देते, पाकिटातलं खायला घालते. ह्या प्रश्नाचं उत्तर नीट दिल्याशिवाय आहाराचा तक्ता लिहून द्यायला माझा हात धजत नाही, कारण अपराधी वाटत असलेली आई पथ्य एक तर अतिरेकाने पाळते नाहीतर सोडून देते.

तर आधी खात्री करून घेतली. दोनेक आठवड्यांनी परत तपासणी, एलडीएल २४१. थायरॉईड, साखर, लिव्हर, लघवीतलं प्रोटीन, सगळं बघितलं, कारण थायरॉईड कमी असेल किंवा किडनीतून प्रोटीन जात असेल तरी मुलांचं कोलेस्टेरॉल वर जातं. ते सगळं ठीक होतं. मग जनुकीय तपासणी, एलडीएल रिसेप्टरच्या जनुकात दोष सापडला, दोनपैकी एका प्रतीत. निदान पक्कं.

आता हे नेमकं काय होतं ते सांगते, कारण ते कळलं की आहाराकडून किती अपेक्षा करायची हे आपोआप कळतं. रक्तातलं एलडीएल उचलून आत घेण्याचं मुख्य काम लिव्हर करतं, त्यासाठी लिव्हरच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर नावाचं प्रोटीन असतं. त्याचा जनुक १९व्या गुणसूत्रावर, एक प्रत आईकडून, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असेल तर कामाचे रिसेप्टर साधारण निम्मेच राहतात, आणि रक्तात एलडीएल साचत राहतं, पहिल्या दिवसापासून. मी घरच्यांना मोरीचं उदाहरण दिलं, नळाला पाणी इतरांच्या घरी येतं तेवढंच येतंय पण मोरीचं भोक निम्मं बुजलेलं आहे, मग पाणी तुंबणारच. आहाराने आपण नळ थोडा बारीक करू शकतो, भोक आहे तेवढंच राहतं. आईला हे पटकन समजलं. मी तिला सरळ सांगितलं की तुझ्या जेवणाने हे झालेलं नाही, हे पोर पोटात होतं तेव्हापासूनचं आहे.

हा रिसेप्टर शोधला अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन ह्या दोघांनी, १९७०च्या दशकात, एफएच असलेल्या मुलांच्या त्वचेच्या पेशी वाढवून. १९८५ला त्यांना नोबेल मिळालं. सगळा खेळ लिव्हरचा आहे ह्याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे टेक्सासची स्टॉर्मी जोन्स ही मुलगी. तिला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या होत्या, टोटल कोलेस्टेरॉल हजाराच्या वर, सहा वर्षांची असतानाच हार्ट अटॅक येऊन गेलेले. फेब्रुवारी १९८४मध्ये पिट्सबर्गला तिचं हृदय आणि लिव्हर एकाच वेळी बदललं, आणि नवीन लिव्हर बसल्यावर थोड्याच आठवड्यांत कोलेस्टेरॉल तीनशेच्या आत आलं. पोरगी तीच होती, रिसेप्टर असलेलं लिव्हर तेवढं नवीन होतं. ती १९९०मध्ये तेराव्या वर्षी गेली, पण तिच्यामुळे डॉक्टरांना जे कळलं त्याचा फायदा आज आपल्या पोरांना होतोय, म्हणून मी तिचं नाव मुद्दाम घेते. आपल्या केसमधल्या मुलाची एकच प्रत बिघडलेली आहे, त्यामुळे इतकी भयंकर परिस्थिती नाही, पण उपचार न करता सोडलं तर बापासारखं तिशी-चाळिशीत धमन्या भरलेल्या सापडू शकतात.

सगळ्या एफएचमध्ये रिसेप्टरचाच जनुक बिघडलेला असतो असं नाही. काहींमध्ये एपीओबीचा, म्हणजे एलडीएलच्या कणावर जे प्रोटीन रिसेप्टरला चिकटतं त्याचा, काहींमध्ये पीसीएसके९चा, जो रिसेप्टर मोडीत काढतो आणि जास्त कामाला लागला की रिसेप्टर कमी पडतात. आणि तपासणीत काहीच सापडलं नाही म्हणून एफएच नाही असंही होत नाही, आकडे आणि घरचा इतिहास जास्त बोलतो.

आता जेवण. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पोराचा दिवस मांडून घेतला, आईने प्रामाणिकपणे सांगितला, आजीने मध्ये मध्ये दुरुस्त केला. सकाळी मोठा ग्लास म्हशीचं दूध, संध्याकाळी तालमीतून आल्यावर परत एक, दोन्ही मिळून अर्धा लिटर. सकाळी दुधाबरोबर खारी किंवा बटर. भाकरीवर, भातावर तूप, दिवसाला तीन चमचे तरी. रविवारी मटण आणि पांढरा रस्सा. आठवड्यात एकदा लोणी डोसा, एखादा वडापाव. कोल्हापूरकडच्या खात्यापित्या घरातलं पोर खातं तेच, ह्यात वावगं काहीही नाही आणि एफएच नसलेल्या पोराला मी ह्यातलं फारसं काही बदलायला सांगितलं नसतं.

पण ह्या पोराचं गणित वेगळं. एलडीएल चढं असलेल्या मुलांना संपृक्त चरबी, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, एकूण कॅलरीच्या ७ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. ह्या पोराला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात, त्याचे ७ टक्के म्हणजे १३ ग्रॅम. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के फॅट, अर्ध्या लिटरमध्ये तीसच्या वर ग्रॅम, त्यातलं दोन तृतीयांशाच्या आसपास संपृक्त. म्हणजे नुसत्या दुधातूनच २० ग्रॅम, दिवसाचा कोटा दुधातच संपून वर सात ग्रॅम उधारी. वर तुपाचे ९ ग्रॅम, खारीचे वेगळे. बेकरीच्या मालात बहुतेक वेळा पामतेल किंवा वनस्पती तूप असतं, पामतेल निम्मं संपृक्तच आहे. आणि पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, नारळाची चरबी तर तुपापेक्षाही जास्त संपृक्त, ८५ टक्क्यांच्या वर.

अंड्याचं सगळे विचारतात. एका बलकात १८०-१९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, आणि ह्या मुलांना दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत सांगतात, त्यामुळे रोज बलक नको, आठवड्यातून दोनतीनदा चालेल, पांढरं कितीही. पण एलडीएल वाढवण्यात संपृक्त चरबीचा वाटा खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा मोठा आहे, ती लिव्हरमधल्या रिसेप्टरचं काम मंदावते, आणि ज्याच्याकडे रिसेप्टर मुळातच निम्मे आहेत त्याला ते परवडत नाही. म्हणून अंडं बंद करून तूप-खारी चालू ठेवणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं, पोराच्या तोंडचं चांगलं प्रोटीन गेलं आणि फायदा काही नाही. तसंच तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं ते वाचून जास्तीचे पैसे देऊ नका, वनस्पतींपासून काढलेल्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच.

आम्ही काय काय बदललं ते सांगते. दूध डबल टोन्ड केलं, दीड टक्का फॅटचं. अर्ध्या लिटरमधलं संपृक्त २० वरून ५ ग्रॅमवर आलं, ह्या एका बदलाने सगळ्यात मोठा फरक पडला. आजोबांना हे फार लागलं, "पाणी पाजताय पोराला" म्हणाले, आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही, फक्त कॅल्शियम आणि प्रोटीन जवळपास तेवढंच राहतं हे सांगितलं. एक गोष्ट मात्र त्यांची बरोबर होती. दूध बदललं की नुसतं फॅट जात नाही, दिवसाच्या अडीचशेच्या आसपास कॅलरीही जातात, आणि २७ किलोच्या पोराला त्या परत द्याव्याच लागतात. म्हणून मूठभर शेंगदाणे, एक जास्तीची भाकरी, केळं, आणि भाजीला शेंगतेल हात आखडता न घेता. शेंगतेलात संपृक्त चरबी एक पंचमांशाच्या आत, बाकी सगळी उपयोगाची. फॅट कमी करायचं नव्हतंच, बदलायचं होतं. अशा मुलांना एकूण फॅट कॅलरीच्या २५ ते ३० टक्के लागतंच, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर फॅट तोडायचा विचारही करू नये.

दुसरं काम विरघळणाऱ्या फायबरचं. हे फायबर आतड्यात पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतं, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला कोलेस्टेरॉल लागतं, आणि ते रक्तातून ओढून घ्यावं लागतं. ह्यासाठी महागडं काही लागत नाही. हुलग्याचं माडगं आजींना उत्तम येतं, ते पोराला आवडतंही, ते आठवड्यात तीनदा ठरलं. मटकी, चवळी, राजमा, घेवडा, भेंडी, पेरू, ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी. आणि इसबगोल, लहान मुलांना दिवसाला ६ ग्रॅमपर्यंत, १२ वर्षांनंतर १२ ग्रॅमपर्यंत देता येतो, भरपूर पाण्याबरोबर. आम्ही ३ ग्रॅमपासून चढवत नेला, नाहीतर पोट फुगतं आणि पोर परत हात लावत नाही.

रविवारचं मटण बंद करायचं नाही असं मीच ठरवलं. चरबी काढून घेतलेलं मटण महिन्यातून एकदोनदा, बाकीच्या रविवारी चिकन किंवा मासे, तांबडा रस्सा वरचा तवंग काढून, पांढरा रस्सा सणावाराला. रविवारी घरात सगळे रस्सा ओरपतायत आणि एकट्या पोराच्या ताटात वरणभात, हे मला पटत नाही, दहा वर्षांच्या पोराला आजारी असल्याची जाणीव तिथे होते. त्यामुळे तवंग काढलेला रस्सा सगळ्यांनाच. बापाला तसाही तोच हवा होता.

वनस्पतीजन्य स्टेरॉलबद्दल थोडं, म्हणजे वनस्पतींमधले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ. दिवसाला २ ग्रॅम घेतले तर एलडीएल साधारण ८-१० टक्के उतरतं हे खरं आहे, पण निदान पक्कं झाल्याशिवाय ऑनलाइन मागवून पोराला देऊ नका, कारण सिटोस्टेरोलेमिया नावाचा एक फार दुर्मिळ आजार असतो, त्यात हेच स्टेरॉल शरीरात साचतात, मुलाच्या अंगावर एफएचसारख्याच पिवळट गाठी येतात, आणि तिथे हे दिलं तर उलटा परिणाम. आमच्या केसमध्ये मी ते दिलंच नाही.

पथ्याने पोराची वाढ खुंटेल का ही आजीची भीती. भीती रास्त आहे पण ह्यावर चांगला अभ्यास झालेला आहे. फिनलंडमध्ये तुर्कूला १९९०मध्ये हजारावर बाळं घेऊन त्यातल्या साधारण निम्म्यांना सात महिन्यांच्या वयापासून विशीपर्यंत आहाराचं मार्गदर्शन केलं, संपृक्त चरबी कमी ठेवली, एलडीएल कमी राहिलं आणि उंची, वजन, वयात येणं, सगळं इतर मुलांसारखंच. अमेरिकेतही ८ ते १० वर्षांच्या, एलडीएल चढं असलेल्या सहाशेवर मुलांमध्ये असंच दिसलं. अट एकच, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, म्हणून आमच्याकडे दर तीन महिन्यांनी उंची-वजन.

तीन महिन्यांनी एलडीएल २१४. म्हणजे १२-१३ टक्के उतरलं. एफएचमध्ये आहाराने साधारण एवढंच उतरतं, दहा-पंधरा टक्के, माझ्या दृष्टीने हा उत्तम निकाल होता. घरच्यांचे चेहरे मात्र पडले. आणि मग जे व्हायला नको ते सुरू झालं, आईने आणखी आवळलं. शेंगदाणे बंद, तेल जवळपास बंद, शाळेत मित्राच्या वाढदिवसाचा केक पोराने घरी आणून दाखवला आणि टाकून दिला. महिन्याभराने वजन २७ वरून २६. मी तिथे स्पष्ट सांगितलं की हे थांबवायचं, आजपासून शेंगदाणे परत सुरू, केक खायचा. निम्मे रिसेप्टर नसल्याची भरपाई उपाशी राहून होत नाही. उरलेलं काम औषधाचं आहे आणि ते औषधालाच करू द्यायचं.

औषधाचं नाव काढल्यावर घरात परत खळबळ, "एवढ्याशा पोराला जन्मभराची गोळी?" ही घालमेल मी समजू शकते. पण मुलांमध्ये स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, ८ ते १० वर्षांपासून द्यायला मान्यता आहे, आणि ह्यावर नेदरलँडमधला एक अभ्यास मी प्रत्येक घरात सांगते. एफएच असलेल्या २१४ मुलांना लहानपणी स्टॅटिन सुरू केलं आणि वीस वर्षांनी परत बघितलं. वयाच्या ३९पर्यंत त्या मुलांपैकी १ टक्क्याला हार्टचा आजार झाला होता, आणि त्यांच्याच एफएच असलेल्या आईवडिलांपैकी, ज्यांना लहानपणी हे औषध मिळालं नव्हतं, त्याच वयापर्यंत २६ टक्क्यांना. घर तेच, जनुक तोच. मुलाच्या बाबांनी हे ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "माझा नोकरीच्या मेडिकलचा रिपोर्ट होता, दहा वर्षांपूर्वीचा, एलडीएल २६८. पथ्य पाळा म्हणून सोडून दिलं होतं." त्यानंतर कुणी काही बोललं नाही, बालरोगतज्ज्ञांनी कमी डोसमध्ये स्टॅटिन सुरू केलं.

स्टॅटिन लिव्हरला कोलेस्टेरॉल बनवू देत नाही, मग लिव्हर जास्त रिसेप्टर बाहेर काढतं, चांगल्या प्रतीतून. पुढच्या तपासण्यांत एलडीएल १३८, आणि नंतर १२६. मुलांसाठी उद्दिष्ट १३०च्या आत, ते गाठलं. लिव्हरचे आकडे ठीक, स्नायूदुखी नाही, वजन २९ किलो, उंची वाढतेय, तालीम चालू. पथ्य चालू असल्यामुळे गोळी कमी डोसवर भागतेय, आणि वाढत्या वयाच्या पोरात ही मला छोटी गोष्ट वाटत नाही.

आता घराण्याचं. एफएचमध्ये आईबापापैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यता, त्यामुळे एक पेशंट सापडला की अख्ख्या नात्याची तपासणी करायची असते. आजोबांचं एलडीएल १०४ निघालं, म्हणजे त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं खरं होतं. आजींचं २२१. त्यांच्या टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नाही, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी) दोन्ही पायांना जाड झालेली, इतकी वर्षं त्या वाताचं तेल लावत होत्या, ते शिरेत साचलेलं कोलेस्टेरॉल होतं. त्यांचा भाऊ चाळिशीत झोपेत गेला होता, थोरला मुलगा ४१व्या वर्षी शेतात कोसळला होता, आणि दोन्ही वेळेला घरात 'झटका आला' एवढंच बोललं गेलं होतं. बायकांमध्ये हार्टचा त्रास पुरुषांपेक्षा साधारण दहाएक वर्षं उशिरा दिसतो, आणि घराणं म्हटलं की आपल्याकडे बापाच्या बाजूचंच बघतात, म्हणून आजीकडून आलेला जनुक कुणाच्या लक्षातच आला नाही. त्या रडल्या. सुनेने त्यांना जवळ घेतलं आणि मी तिला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं, की ह्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

गेलेल्या थोरल्या काकांची दोन मुलं. मुलगा १४ वर्षांचा, एलडीएल २३१, त्याचेही उपचार सुरू झालेत. मुलगी १७ वर्षांची, तिची आई अजून तपासणीला तयार नाही, "कागदावर आलं तर स्थळ कोण आणणार" ही तिची अडचण. त्या आईला घरी जाऊन भेटले. तिला सांगितलं की साध्या रक्ततपासणीने कळतं, जनुकीय तपासणी लगेच करायची गरज नाही, रिपोर्ट कुणाला दाखवायचा हे तिच्या हातात आहे. आणि असलंच तर मुलींना हे आधी कळणं जास्त महत्त्वाचं, कारण दिवस राहायच्या आधी स्टॅटिनबद्दल डॉक्टरांशी बोलून सहसा गोळी थांबवावी लागते, आणि ते आयत्या वेळी कळून चालत नाही. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली की बारावीची परीक्षा होऊ दे, मग घेऊन येते. मी तारीख लिहून घेतलीय, परीक्षा संपली की मीच फोन करणार आहे.